विश्लेषण : ज्येष्ठांच्या पायांतील रक्तप्रवाहाची सरसकट तपासणी हवी का?

ज्येष्ठ नागरिक संघाचे आरोग्य शिबिर म्हटले की चित्र ठरलेले असते. नाव नोंदवायचे, वजनकाट्यावर उभे राहायचे, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब, बोट टोचून साखर आणि मग डॉक्टरांसमोर दोन मिनिटे. या सगळ्यात पायातली चप्पल काढायला बहुधा कुणी सांगत नाही. दुसरीकडे शहरांतल्या काही खासगी तपासणी केंद्रांच्या ‘सीनियर सिटिझन पॅकेज’मध्ये पायांच्या रक्तवाहिन्यांची चाचणीही दिसू लागली आहे. काहीही त्रास नसलेले आजोबा पैसे मोजून ती करून घेतात आणि ज्यांच्या पायाची जखम दोन महिने भरत नाही, त्यांच्या पायाची नाडी कुणी चाचपत नाही. ही चाचणी सर्व ज्येष्ठांची करावी का, या प्रश्नाचे आजचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पण त्या ‘नाही’चा अर्थ पायांकडे पाहूच नये असा होत नाही.

आजार नेमका कोणता?

‘पायातले रक्ताभिसरण बिघडले’ हे वाक्य आपल्याकडे फार सैल वापरले जाते. संध्याकाळी पाय सुजले तरी तेच, शिरा फुगून निळ्या दिसल्या तरी तेच आणि मुंग्या आल्या तरी तेच. वास्तविक हे तीन वेगळे प्रकार. फुगलेल्या निळ्या शिरा हा रक्त पायाकडून हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांचा त्रास. मुंग्या आणि आग हा बऱ्याचदा मधुमेहामुळे बधिर होत चाललेल्या मज्जातंतूंचा. इथे विषय आहे तो हृदयाकडून पायाकडे रक्त आणणाऱ्या धमन्यांचा. हृदयाच्या धमन्यांत जशी चरबीयुक्त थरांची पुटे चढतात, तशीच ती मांडीच्या, गुडघ्यामागच्या, पोटरीच्या धमन्यांतही चढतात आणि वाट अरुंद होते. याला पेरिफेरल आर्टरी डिसीज, थोडक्यात ‘पीएडी’ म्हणतात.

बसलेल्या माणसाच्या पोटरीला थोडे रक्तही पुरते. चालू लागला की स्नायूंची मागणी वाढते, पुरवठा मात्र तेवढाच राहतो. मग ठरावीक अंतर गेल्यावर पोटरी भरून येते, गोळा आल्यासारखी आवळते. माणूस थांबतो. दोन-चार मिनिटे नुसते उभे राहिले की दुखणे ओसरते आणि पुन्हा तेवढेच अंतर चालता येते. जर्मन भाषेत याचे बोलीतले नावच ‘दुकानाची काच पाहण्याचा आजार’ असे आहे, कारण रुग्ण दर शंभर पावलांवर काहीतरी पाहण्याचा बहाणा करून थांबतो. आपल्याकडे तो पानाच्या टपरीशी थांबतो, ओळखीच्या माणसाला हाक मारतो किंवा मोबाइल काढून पाहतो.

धमनीचा आजार आणि शिरांचा आजार यांत गल्लत झाली तर ती महागात पडते. शिरांच्या आजारात उपयोगी पडणारे घट्ट दाबाचे मोजे धमन्या अरुंद असलेल्या पायावर चढवले, तर आधीच तुटपुंजा असलेला रक्तप्रवाह आणखी कमी होऊ शकतो. ‘पायाचे रक्ताभिसरण सुधारते’ असे सांगत मोजे, मालिश यंत्रे आणि पट्टे यांची विक्री जोरात चालते. पाय कोणत्या प्रकारचा आहे, हे तिथे कुणी विचारत नाही.

आणखी एक फरक सांगायला हवा. विडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषाची बोटे काळी पडून झडतात, तो ‘बर्जर’ नावाचा आजार सरकारी रुग्णालयांतल्या शल्यचिकित्सकांना चांगला परिचित आहे. तोही धमन्यांचाच, पण त्याचे कारण आणि वय वेगळे. ज्येष्ठांच्या तपासणीचा प्रश्न पीएडीशी संबंधित आहे.

मग तो लवकर ओळखू का येत नाही?

पहिले कारण म्हणजे पायाचे दुखणे हाडाचेच असणार, अशी घरातल्या सर्वांची आणि अनेकदा डॉक्टरांचीही समजूत. ‘वय झाले’, ‘वात आहे’, ‘गुडघे गेले’ ही निदाने घरातच होतात. राज्य सरकारच्या ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’त ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साहित्यासाठी एकरकमी तीन हजार रुपये मिळतात. त्या साहित्यात गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, काठी, वॉकर आहे. त्यांची गरज खरीच आहे. पण शंभर पावलांवर थांबणाऱ्या आजोबांना पट्टा देण्याआधी ते का थांबतात हे विचारायला हवे. गुडघ्याचा त्रास पहिल्या पावलाला, विशेषतः उठताना आणि जिना उतरताना जाणवतो. मणक्यातल्या दाबामुळे होणारे दुखणे नुसते उभे राहून जात नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. धमनीचे दुखणे उभे राहिले तरी जाते. एवढ्या तीन प्रश्नांत बरेचसे कळते आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

दुसरे कारण जास्त अवघड आहे. या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांत वर सांगितलेले ठरलेले दुखणे नसतेच. अमेरिकेत ‘पार्टनर्स’ नावाच्या पाहणीत सत्तरीपुढचे आणि मधुमेह किंवा धूम्रपानाचा इतिहास असलेले ५० ते ६९ वयाचे मिळून ६,९७९ जण तपासण्यात आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार २९ टक्क्यांना पीएडी होता, पण त्यांपैकी अवघ्या ११ टक्क्यांनाच चालताना पोटरी भरण्याची नमुनेदार तक्रार होती. असे का, याचे उत्तर आपल्या घरांतही सापडेल. जी आजी स्वयंपाकघर ते देवघर एवढेच चालते, तिची पोटरी भरून येणार कधी? गुडघ्यांमुळे, दम्यामुळे किंवा सोबत नाही म्हणून जो घराबाहेर पडत नाही, त्याचा आजार दुखण्यातून बोलत नाही. मधुमेहाने तळवे बधिर झालेल्याला तर खिळा रुतला तरी कळत नाही. तक्रार नसणे आणि आजार नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तपासणीच्या बाजूने असलेला सर्वांत सबळ मुद्दा हाच आहे.

चाचणी कशी होते?

ती अगदी साधी आहे. रुग्णाला पाच-दहा मिनिटे आडवे झोपवून विश्रांती देतात. मग दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब मोजतात. घोट्यापाशी स्टेथोस्कोपने नीट ऐकू येत नाही, म्हणून पेनासारखे छोटे डॉप्लर उपकरण वापरतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. दंडाचा दाब १४० आणि घोट्याचा ९८ असेल तर उत्तर ०.७०. याला ‘अँकल-ब्रॅकियल इंडेक्स’ किंवा एबीआय म्हणतात. १.०० ते १.४० हे सामान्य, ०.९० किंवा त्याहून कमी म्हणजे पीएडी, मधले आकडे सीमेवरचे.

सुई नाही, क्ष-किरण नाही, रंगद्रव्य नाही. पण एक मोठी खोच आहे. दीर्घकाळ मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात. पट्ट्याने त्या दाबल्या जात नाहीत, मग आकडा खोटा चढतो. कधी तो १.४० च्या वर जातो, कधी नेमका ‘सामान्य’ पट्ट्यात येऊन बसतो. म्हणजे ज्याला धोका सर्वाधिक, त्याच्याच बाबतीत चाचणी फसण्याची शक्यता अधिक. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. पॅकेजच्या अहवालात ‘नॉर्मल’ हा शिक्का पाहून निर्धास्त झालेल्या मधुमेही ज्येष्ठाला हे कुणीतरी सांगायला हवे.

इतकी सोपी चाचणी सर्वांचीच का करू नये?

एखादा आजार सापडू शकतो, एवढ्यावरून त्याचा सरसकट शोध घेणे योग्य ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या निकषांचा गाभा हाच होता : आजार लवकर सापडल्याने रुग्णाचे पुढे काही भले होते का आणि सापडलेल्याला उपचार देण्याची व्यवस्था आहे का? अमेरिकेतील ‘प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स’ या तज्ज्ञगटाने २००५ मध्ये पीएडीच्या सरसकट तपासणीच्या विरोधात कौल दिला होता. २०१३ आणि पुन्हा २०१८ मध्ये त्याने भूमिका बदलली, पण ती ‘करा’ अशी नव्हे. तक्रार नसलेल्या प्रौढांत एबीआय करण्याचे फायदे-तोटे ठरवण्याइतका पुरावाच नाही, अशी. त्याच देशातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि मधुमेह, धूम्रपान यांसारखी जोखीम असलेले ५० ते ६४ वयाचे लोक यांत ही चाचणी करणे रास्त मानले. एकाच पुराव्याचा दोन गटांनी असा वेगळा अर्थ लावला.

पुरावा काय सांगतो? स्कॉटलंडमध्ये ५० ते ७५ वयाच्या सुमारे २९ हजार लोकांची एबीआय चाचणी झाली. ज्यांचा आकडा कमी निघाला, पण हृदयविकाराचे निदान झालेले नव्हते, अशा ३,३५० जणांपैकी निम्म्यांना रोज ॲस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. सरासरी आठ वर्षांनंतर हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. रुग्णालयात दाखल करावे लागेल असा रक्तस्राव ॲस्पिरिनच्या गटात ३४ जणांना झाला, दुसऱ्या गटात २० जणांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणावा असा नसला तरी दिशा स्पष्ट होती. २०१० मध्ये हे निष्कर्ष आले. आजही ‘रक्त पातळ करायची गोळी’ शेजाऱ्याच्या सल्ल्याने सुरू करणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

डेन्मार्कमधून थोडी आशा आली. तिथे ६५ ते ७४ वयाच्या सुमारे ५० हजार पुरुषांपैकी निम्म्यांना एकत्रित तपासणीला बोलावण्यात आले : पोटातल्या महाधमनीचा फुगा, पायाच्या धमन्या आणि रक्तदाब. २०१७ च्या अहवालानुसार सुमारे साडेचार वर्षांत बोलावलेल्यांतील मृत्यू सात टक्क्यांनी कमी होते. पण त्या यशात पायाच्या चाचणीचा वाटा किती, हे सांगता येत नाही, कारण तीन तपासण्या एकत्र होत्या. पुढे त्याच देशात हृदयाच्या सीटी स्कॅनसह आणखी व्यापक तपासणीचा प्रयोग झाला. २०२२ मध्ये त्याचे आकडे आले : पाचेक वर्षांत तपासणीला बोलावलेल्यांत १२.६ टक्के मृत्यू, न बोलावलेल्यांत १३.१ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असे संशोधकांना मान्य करावे लागले. शिवाय दोन्ही प्रयोग फक्त पुरुषांवरचे. स्त्रियांबाबत त्यांतून काहीच हाती लागत नाही.

एक गोष्ट मात्र निश्चित आहे. एबीआय ०.९० पेक्षा कमी असलेल्या माणसाला पायापेक्षा हृदयाचा धोका मोठा असतो. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये निघालेल्या निष्कर्षानुसार, कमी आकडा असलेल्यांत दहा वर्षांतील मृत्यूचे प्रमाण साधारण दुप्पट होते. पायाची अरुंद धमनी ही हृदयाच्या धमन्यांचीही चुगली करते. तरीही अडचण उरतेच. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहीला कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गोळी द्यावी, असे सल्ले आधीपासूनच आहेत. धूम्रपान सोडा, रक्तदाब सांभाळा हे सांगण्यासाठीही घोट्याचा आकडा लागत नाही. ज्या चाचणीने उपचार बदलत नाही, ती लाखो लोकांची करून साधायचे काय?

तपासणीने नुकसान कसे होईल?

चाचणीने होत नाही, तिच्यानंतर जे सुरू होते त्याने होते. अमेरिकेने याचा धडा महागात घेतला. तिथे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी मेडिकेअर योजनेचा एक भाग खासगी विमा कंपन्या चालवतात आणि माणूस कागदावर जितका आजारी, तितका सरकारकडून मिळणारा पैसा जास्त. मग घरी जाऊन बोटाला चिमटा लावून पायाचा रक्तप्रवाह मोजण्याची लाट आली. अनेकांच्या नावावर पीएडी नोंदला गेला, उपचार मात्र काहीच बदलले नाहीत. अखेर सरकारने पैसे ठरवण्याच्या सूत्रातून गुंतागुंत नसलेला पीएडी वगळला. २०२४ पासून हा बदल टप्प्याटप्प्याने लागू झाला. याच्या उलट टोकाला, सौम्य दुखण्यासाठी बाह्यरुग्ण केंद्रांत धमन्या कोरण्याच्या आणि फुगवण्याच्या प्रक्रिया पुनःपुन्हा केल्याच्या आणि त्यात काहींचे पाय गेल्याच्या कहाण्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘प्रोपब्लिका’ यांनी २०२३ मध्ये उघड केल्या.

भारतात विम्याचे ते सूत्र नाही, पण चाचणीतून प्रक्रियेकडे नेणारी घसरगुंडी आपल्यालाही नवी नाही. हृदयातल्या स्टेंटबाबत ती पाहून झाली आहे. आकडा ०.८८ आला, म्हणून डॉप्लर, मग रंगद्रव्य टोचून सीटी अँजिओग्राफी, मग ‘ब्लॉक आहे, काढून टाकू’. ज्याला चालताना काहीच त्रास होत नव्हता, त्याच्या धमनीत तार घालून त्याला काय मिळणार? तक्रार नसलेल्या पायात केवळ पुढचा धोका टाळण्यासाठी स्टेंट टाकावा, याला आधार नाही. रंगद्रव्याचा भार मात्र म्हाताऱ्या मूत्रपिंडावर पडतो.

मग भारतातला प्रश्न वेगळा का?

कारण आपल्याकडे वाद ‘तक्रार नसलेल्यांची तपासणी करावी का’ इथपर्यंत पोहोचलेलाच नाही. तक्रार असलेल्याला, जखम असलेल्यालाच आधी कुणी विचारत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज मांडला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढच्यांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे एक कोटी अकरा लाखांच्या आसपास पोहोचणारी संख्या होती. ती तेव्हापासून वाढलीच आहे. चेन्नईत झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शहरी पाहणीत पायाच्या धमन्यांचा आजार एकूण ३.२ टक्के, तर मधुमेहींत ६.३ टक्के आढळला होता. पाश्चात्त्य आकड्यांपेक्षा हे कमी आहे, पण मधुमेहींची संख्याच प्रचंड असल्याने त्याचा अर्थ लाखो पाय असा होतो.

महाराष्ट्रातील तंबाखूचे गणितही वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण ओढणारे अवघे ३.८ टक्के. बाकीचा मोठा हिस्सा मळून खाण्याचा, मिश्रीचा, गुटख्याचा. पायाच्या धमन्यांबाबतचा सर्वांत भक्कम पुरावा धूर ओढण्याविरुद्ध आहे. त्यामुळे परदेशी सूत्रातला ‘धूम्रपान करणारा ज्येष्ठ’ हा निकष इथे जसाच्या तसा बसवला तर फार थोडे लोक हाती लागतील. इथला निकष मधुमेहापासूनच सुरू व्हायला हवा.

आता सरकारी यंत्रणेकडे पाहू. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तीन कर्करोगांची तपासणी अपेक्षित आहे. त्याआधी आशा घरोघरी जाऊन ‘सीबॅक’ नावाचा अर्ज भरते. त्यात तळव्यावर वारंवार जखम होते का, तळव्यांना मुंग्या येतात का, असे प्रश्न आहेत. पण ते आले कुष्ठरोगाच्या शोधासाठी. ज्येष्ठांच्या भागात तोल जातो का, रोजच्या कामांत मदत लागते का, विसरायला होते का, हे विचारले जाते. चालताना पोटरी भरून थांबावे लागते का, हा प्रश्न मात्र नाही. म्हणजे पाय अर्जात आहे, पण त्याला रक्त पोहोचते का हे विचारायचे राहून गेले.

आशांवर आधीच अर्जांचे ओझे आहे आणि आणखी एक प्रश्न वाढवा म्हणणे सोपे असते, ही तक्रार रास्तच. तरीही इथे नवा अर्ज नको, नवे यंत्र नको. एक ओळ पुरेल. आणि तळव्यावरच्या जखमेचे ‘हो’ आले, तर कुष्ठरोगाबरोबरच साखर आणि पायाची नाडीही पाहायची, एवढी सूचना हवी.

खरे काम पुढच्या पायरीवर आहे. दर महिन्याला मधुमेहाच्या गोळ्या न्यायला जो रुग्ण आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा ग्रामीण रुग्णालयात येतो, त्याचे दोन्ही पाय वर्षातून एकदा तरी उघडे करून पाहिले गेले पाहिजेत. मधुमेहींच्या पायांबाबतच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, रंग, दोन पायांतला गारव्याचा फरक, बधिरपणा आणि दोन नाड्या : एक पावलाच्या पाठीवर, दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. काही निरोगी माणसांत पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून दोन्ही पाहायच्या. बोटांनी नाडी पाहणे अचूक नसते, हा आक्षेप खरा आहे. जिथे नाडी लागत नाही, जखम आहे किंवा चालताना थांबावे लागते, तिथेच एबीआय आणि गरज पडल्यास अंगठ्याचा दाब. हातात धरायचे डॉप्लर प्रत्येक उपकेंद्राला द्यायची गरज नाही. उपजिल्हा रुग्णालयात ते असावे, ते वापरणारी एक प्रशिक्षित परिचारिका असावी आणि तिची बदली झाल्यावर ते कपाटात जाऊ नये.

या मार्गाने हृदयाचे किती मृत्यू टळतील, हा वादाचा विषय राहू दे. पायाचा हिशोब वेगळा आहे. मधुमेहीचा पाय कापावा लागतो, त्याची सुरुवात बहुतेकदा छोट्या जखमेने होते : चपलेचा अंगठा घासला, नखे काढताना कापले, गरम पाण्याच्या पिशवीने भाजले. रक्त पोहोचत असेल तर जखम भरते. पोहोचत नसेल तर मलमपट्टी कितीही बदला, ती काळवंडत जाते. मग बोट काढले जाते, आणि रक्तप्रवाह न तपासता काढले असेल तर तीही जखम भरत नाही. पुढे पाऊल, मग गुडघ्याखाली. योग्य वेळी धमनी उघडली असती तर यातले बरेच पाय वाचले असते. सौम्य दुखण्यात अनावश्यक ठरणारा स्टेंट किंवा बायपास इथे मात्र खरोखर पाय वाचवतो. आज पॅकेजवाल्यांच्या गर्दीत ती प्रक्रिया चुकीच्या पायात होते आणि जिथे हवी तिथे रुग्ण पोहोचतो तो बोट काळे पडल्यावर.

आजार सापडला, तर उपचार काय?

सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी एक म्हणजे चालणे. पण साधे फेरफटक्याचे नाही. दुखू लागेपर्यंत चालायचे, दुखणे मध्यम होईपर्यंत रेटायचे, मग थांबायचे, ओसरले की पुन्हा. असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. दुखते म्हणून चालणे सोडणारा रुग्ण आजाराला मदतच करतो. देखरेखीखाली हे केले तर विनाथांबा चालता येणारे अंतर चांगले वाढते. अमेरिकेच्या मेडिकेअरने २०१७ पासून अशा १२ आठवड्यांतील ३६ सत्रांचा खर्च उचलायला सुरुवात केली. आपल्याकडच्या फिजिओथेरपी विभागांत गुडघे आणि खांद्यांची रांग असते. या चालण्याची चिठ्ठी क्वचितच लिहिली जाते. पायावर जखम असेल किंवा बसल्या जागीही पाय दुखत असेल, तर मात्र हा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक.

दुसरे, तंबाखू पूर्ण बंद. तिसरे, स्टॅटिन आणि रक्तदाब-साखरेचे नियंत्रण. तक्रार असलेल्या रुग्णांना रक्त गोठू न देणारी गोळीही दिली जाते. स्कॉटलंडचा निष्कर्ष तक्रार नसलेल्यांपुरता होता, हे इथे विसरू नये आणि चालू असलेली गोळी मनाने बंद करू नये. चालण्याचे अंतर वाढवणारी सिलोस्टॅझोल ही गोळी भारतात बरीच लिहून दिली जाते. हृदय कमकुवत असलेल्यांना ती वर्ज्य आहे, त्यामुळे जुन्या चिठ्ठीवर दुकानातून आणून घेण्यासारखी ती नाही.

घरच्यांनी काय पाहावे? धावपळ कधी करावी?

साठीपुढच्या मधुमेही माणसाचे तळवे रोज कुणीतरी पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याची पिशवी देण्याची माया घरोघरी असते; बधिर पायावर तिचा चटका बसतो आणि तो कळत नाही, म्हणून ती टाळलेली बरी. गार पायांना लोकरी मोजे पुरतात. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, काळसर पडलेले बोट यांवर घरगुती लेप लावत बसू नये.

एक खूण अनेक घरांत दिसते, पण कळत नाही. आजोबा रात्री पाय दुखतो म्हणून उठतात आणि खाटेवरून पाय खाली लोंबता सोडतात, तेव्हा बरे वाटते. काहीजण खुर्चीतच झोपू लागतात. पाय खाली सोडल्यावर बरे वाटते, ते गुरुत्वाकर्षणाने थोडे रक्त उतरते म्हणून. हा वाताचा त्रास नव्हे, आजार फार पुढे गेल्याचे लक्षण आहे. असा रुग्ण त्याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे गेला पाहिजे. जिल्ह्यात असा तज्ज्ञ नसेल, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा विभागात.

आणि एखादा पाय अचानक गार, पांढराफटक पडला, ठणकू लागला, बोटे हलेनाशी झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही. धमनीत गुठळी अडकल्याची शक्यता असते आणि स्नायू वाचवायला साधारण सहा तासच हाती असतात. चोळणे, शेकणे, तेल लावणे यात त्यातला एकही तास घालवू नये.